उजव्या हाताचं ऊन पाणी

आमच्याकडे गरम पाण्याला ऊन पाणी म्हणतात. त्यामुळे धंदा काय करतोस, असं कुणी विचारलं तर मला फार बोलावं लागत नाही. "उन्हावर ऊन पाणी करतो," एवढ्यात अर्धापूरच्या माझ्या केळीवाल्या चुलत्यालाही कळतं. मला बोलायचा मुळातच कंटाळा. वीसेक वर्षं नांदेड आणि लातूरच्या गच्च्यांवर सोलरच्या टाक्या चढवल्या, काचेच्या नळ्या बसवल्या, लॉज, हॉस्टेलं, दवाखाने केले, आणि या सगळ्या काळात गिऱ्हाइकाशी माझं बोलणं म्हणजे "वरची टाकी कुठं हाय" आणि "फरशीवाला मिस्त्री कधी येणार" इतकंच. लांबलचक असा मी एकदाच बोललो. ते सगळं खोटं होतं.

आधी उस्तादांबद्दल सांगतो, कारण नुकसान त्यांचं झालं.

उस्ताद नांदेडच्या जुन्या भागातले. त्यांच्या घरात तीन पिढ्या नळाचं काम. मी बावीस वर्षांचा असताना त्यांच्याकडे लागलो, पाच वर्षं राहिलो, आणि मला जे येतं ते त्यांनी शिकवलेलं. त्यांचा पहिला नियम: भिंतीसमोर उभं राहिलं की डावीकडे गरम, उजवीकडे गार. हा नियम जगभर चालतो, पण उस्तादांनी तो कारणासकट शिकवला. "झोपेतून उठलेला, म्हातारा, लेकरू, कोणी बी असो, सीधा हात आधी पुढं जातो. तिथं त्याला थंड मिळालं पाहिजे. ऊन पाणी मागून घेऊ दे त्याला." त्यांच्या चाळीस वर्षांच्या कामात कुणाचा हात पोळला नाही, याचा त्यांना अभिमान होता. दुसरा कसला अभिमान मी त्यांच्यात पाहिला नाही.

मी वेगळा होऊन सोलरचं काम घेऊ लागलो, त्याला बरीच वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. लातूरला एका नव्या कॉलनीत एका निवृत्त हेडमास्तरांचा बंगला चालला होता. सरांनी आयुष्यभर भूगोल शिकवलेला. न्हाणीघराच्या समोरच्या भिंतीवर त्यांनी खास टाइल्स मागवल्या होत्या: आठ टाइल्स मिळून एक चित्र, तळं आणि तळ्यात दोन हंस. टाइल्स लागून गेल्या आणि मग कळलं की आतले पाइप एका ठिकाणी ठिबकतात. चित्राला हात लावायचा नव्हता. म्हणून मी मागच्या खोलीतून भिंत फोडली आणि तिकडून पाइप बदलले.

तुमच्या लक्षात आलं असेल. भिंतीच्या मागून माझं जे डावं, ते न्हाणीघरातलं उजवं. ही चूक फक्त आमच्या धंद्यातला माणूसच करू शकतो, आणि पाच वर्षं शिकलेल्याने तर करूच नये. मी दुपारी जेवून आलो होतो, अंगात आळस होता, खूण केली नाही. मागची भिंत बुजवली, गिलावा झाला, रंग झाला. परवावर वास्तुशांती आली होती तेव्हा नळ सोडून पाहिला. उजवीकडून वाफ आली.

आता दोनच वाटा होत्या. मागची रंगवलेली भिंत पुन्हा फोडायची, नाहीतर पुढून हंसाच्या मानेतून जायचं. मी अजून ठरवतोय तोवर सर आत आले, सोबत त्यांचे साडू, दोन शेजारी आणि पूजेची यादी घेऊन आलेले गुरुजी. सरांनी नळ सोडला आणि हात मागे ओढला.

"अहो, हे उलटं झालंय का?"

"न्हाई सर," मी म्हणालो. तिथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण पाचही जण माझ्याकडे बघत होते, आणि मी बोलत सुटलो. अग्नीची दिशा आग्नेय. ही भिंत पूर्वेची. पूर्वेला तोंड केलं की उजवा हात दक्षिणेला, म्हणजे तोटी येते आग्नेयेला. अग्नी आग्नेयेला पाहिजे म्हणून ऊन पाणी उजवीकडे. आता नवीन बांधकामात असंच करायलेत. हे सगळं माझ्या तोंडून इतकं सलग आलं की मीच दचकलो.

सर आत गेले आणि होकायंत्र घेऊन आले. शाळेतून निवृत्त होताना कुणीतरी भेट दिलेलं, पितळी, झाकणाचं. ते त्यांनी हंसांसमोर धरलं, सुई थांबेपर्यंत श्वास रोखला आणि म्हणाले, "बरोबर आहे!"

गुरुजी म्हणाले, "शास्त्रात आहेच ते." साडू म्हणाले, "आमच्याकडं मग चुकलंय म्हणायचं." आणि सर मला म्हणाले, "पस्तीस वर्षं दिशा शिकवल्या, पण नळापर्यंत माझं डोकं गेलं नाही. तुम्ही वाचता का हो?"

मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते त्यांचं त्यांनी ठरवलं.

वास्तुशांतीला दीडशे माणूस जेवलं, आणि सरांनी प्रत्येकाला न्हाणीघर दाखवलं. लोक जिलबी हातात घेऊन रांगेने आत जात आणि पूर्वेकडे तोंड करून उभे राहत.

महिन्याभरात मला पहिला फोन आला. मग दुसरा. "ते आग्नेयवालं करता ना तुम्ही?" वास्तू सांगत फिरणाऱ्या एका माणसाने ते उचललं. त्याला सुई वगैरेची गरज नव्हती, त्यामुळे ज्यांची भिंत उत्तरेची, पश्चिमेची, त्यांनाही उजवीकडेच हवं झालं. एकाला मी म्हणालो, "काका, तुमची भिंत पश्चिमेची हाय, तुमचा उजवा हात वायव्येला जायला." तो म्हणाला, "तुला काय करायचंय? आमच्या व्याह्याकडं जसं हाय तसं पाहिजे."

ज्यांना भिंत फोडायची नव्हती ते नळावरची लाल आणि निळी टिकली काढून अदलाबदल करायचे आणि समाधान मानायचे. नुसता रंग आग्नेयेला गेला तरी चालत होतं. एका बिल्डिंगमध्ये डाव्या बाजूच्या फ्लॅटमध्ये एक पद्धत आणि उजव्या बाजूच्या फ्लॅटमध्ये दुसरी झाली. पाहुणे आंघोळीला गेले की घरातला कुणीतरी दाराबाहेर उभा राहून ओरडायचा, "आमच्याकडं नवीन हाय बरं का!" औसा रोडकडच्या एका लॉजवाल्याने प्रत्येक खोलीत पाटी लावली: कृपया उलटे समजावे. लोक विचारायचे, कशाच्या उलटं?

माझ्या स्वतःच्या घरी डावीकडेच गरम होतं. बायकोने एकदा विचारलं, "साऱ्या गावाचं बरं करून राहिलात, अन् आपल्या घरी काय आग्नेय नको का?" मी एका रविवारी आमचंही उलटं करून टाकलं. दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा मीच भाजलो.

इथपर्यंत हसण्यासारखं आहे. मीही हसत होतो.

मग ते नांदेडला आलं. सरांच्या साडूंचे सोयरे नांदेडचे, कापडाचे व्यापारी. त्यांचं सगळं नळकाम उस्तादांनी केलेलं, बारा वर्षं एक थेंब गळलेला नव्हता. त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, हे जुन्या पद्धतीचं आहे, बदलून द्या. मी बदललं. उस्तादांनी बसवलेला पाइप कापताना त्यांचा जोड ओळखू आला. असा साफ जोड दुसरा कुणी करत नाही. अशी आणखी दोन घरं केली. तिन्ही वेळा कुणी ना कुणी म्हणालं, "म्हातारा झाला उस्ताद. नवीन त्याला ठाऊक नसंल." मी तिथे नळाची चकती घासत बसलो.

एका सकाळी उस्ताद माझ्या दुकानात आले. बसले. पाणी प्याले. म्हणाले, "एक बात सांग. मी ऐकतोय, सीधे हाताला गरम. सारे बोलून राहिले. तू बी लावून राहिलास. ये क्या नया कायदा आया?"

त्यांनी मला विचारलं होतं. शिकायला आल्यासारखं विचारलं होतं. त्या खुर्चीवर, दुकानात आम्ही दोघेच असताना, एक वाक्य पुरे होतं.

मी म्हणालो, "हाव उस्ताद. आता असंच चाललंय."

ते बराच वेळ आपल्या हातांकडे पाहत राहिले. मग त्यांनी स्वतःच कारण शोधलं. वास्तूशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. "खाना सीधे हातानं. देणं-घेणं सीधे हातानं. ऊन पाणी म्हणजे अच्छी चीज, थंडीत तर नेमतच. ती मी चाळीस साल उलट्या हाताला लावत आलो. मेरेकू कभी सूझाच नहीं." उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू पढा-लिखा है, अच्छा हुआ."

त्यानंतर उस्तादांनी काय केलं ते मला तुकड्या-तुकड्यांनी कळत गेलं. जुन्या गिऱ्हाइकांपैकी ज्यांचे पत्ते आठवत होते त्यांच्याकडे ते जाऊ लागले. दारात उभं राहून सांगायचे, माझ्या हातून चूक झाली, माफ करा, फिरवून देतो. सत्तरीचा माणूस, छिन्नी-हातोडा पिशवीत घालून, बरोबर केलेलं काम घरोघरी बिघडवत फिरत होता, आणि वर माफी मागत होता. कुणी म्हणायचं, "असू द्या उस्ताद, होतं." कुणी म्हणायचं, "बघा, आता कळलं ना!" मला हे कळायचं तेव्हा मी ठरवायचो की उद्या जाऊन सांगतो. दोन हिवाळे मी हे उद्या-उद्या केलं. मधल्या काळात मी त्यांना टाळत होतो, आणि ते भेटलेच तर माझी तब्येत विचारत होते.

शेवटी गेलो ते वजूखान्यामुळे.

उस्तादांच्या मोहल्ल्यातल्या मशिदीवर सोलर मी बसवलेलं होतं. खाली वजू करायची, म्हणजे नमाजाआधी हात-तोंड-पाय धुवायची जागा, एका ओळीत बारा बैठका, प्रत्येकीला दोन तोट्या, त्या उस्तादांनी फार पूर्वी बसवलेल्या. डावीकडे गरम. एका माणसाने मला सहज सांगितलं, "रमजानच्या आधी उस्ताद वजूखाना बी फिरवून राहिले."

वजू करताना आधी हात धुतात, आणि सुरुवात उजव्यापासून. दुपारच्या नमाजाला येणारे बहुतेक म्हातारे. काहींना दिसत नाही, काहींचे हात कापतात. आणि दुपारी आमच्या सोलरच्या टाकीतलं पाणी कसं असतं ते मला विचारा. त्यात चहापत्ती टाकली तर रंग उतरतो. बारा म्हातारे उजवा हात पुढे करणार, सवयीने.

मी गेलो तेव्हा उस्ताद एका बैठकीवर बसले होते. पहिल्या तोटीचा जोड त्यांनी पान्यात धरलेला होता. अंगणात पाच-सहा वयस्क मंडळी ऊन खात बसली होती. मी उस्तादांच्या शेजारच्या बैठकीवर बसलो आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. हंस, मागची भिंत, जेवून आलेलो, खूण न केलेली, होकायंत्र, दुकानातलं माझं वाक्य. एकही गोष्ट लपवली नाही. इतकं खरं मी कधीच बोललो नव्हतो. सांगून झालं आणि छाती हलकी झाली.

उस्ताद पाना फिरवत होते. मग मान वळवून म्हणाले, "कुछ बोल्या क्या?"

त्यांचा एक कान चाळीस वर्षांच्या हातोड्याने गेलेला आहे. हे साऱ्या नांदेडला ठाऊक आहे, मला तर पाच वर्षं शेजारी काम करून ठाऊक आहे. मी त्याच बाजूला बसलो होतो. चुकून बसलो असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. आता लिहायलाच बसलोय तर लिहितो: चुकून नाही.

"इधर आके बोल," ते म्हणाले आणि दुसरा कान पुढे केला. "जोरात बोल. ये पाणी की आवाज है."

मग मी उभा राहून ओरडून सांगितलं. "उस्ताद, तुमचं बरोबर होतं! डावीकडंच पाहिजे गरम! मी लातूरला भिंतीच्या मागच्या बाजूनं उभा होतो! मी खोटं बोललो!"

अंगणातली मंडळी उठून आली. एक पांढऱ्या दाढीचे चाचा म्हणाले, "क्या हुआ, लातूर में भिंत गिरी क्या?" दुसऱ्याने त्यांना समजावलं. मग त्यांच्यातच लागली.

"म्हणजे माझ्या घरचं जे उलटं केलं ते उलटं हाय?"

"हौ, उलटं केलेलं उलटं."

"तो मग आता सीधं करायला उलटं करावं लागंल."

"कायकू? मेरेकू तो आदत हो गई."

"तुझी आदत राहू दे, मागच्या जुम्म्याला तुझ्या घरी माझा हात जळला, तेव्हा तू बोल्या, भाई तू बेध्यान है!"

उस्तादांनी पाना उलटा फिरवला, जोड होता तसा आवळला, बोटाने ओल आहे का पाहिलं. मग मला विचारलं, "मागनं फोडली तर खूण का नाही केली?"

"आळस केला."

"हं." नंतर: "दुकान में मैं आया था. तब?"

याला आळस म्हणता आलं नसतं.

ते बोटांवर मोजू लागले. त्यांनी फिरवलेली अकरा घरं. "कल नऊ बजे आ," ते म्हणाले. "गाडी ले के आ."

मला वाटलं, भिंती फोडून पुन्हा सरळ करायला निघालोत. मी छिन्नी, कटर, जोडाचं सामान सगळं घेतलं. पहिलं घर त्या कापडवाल्यांच्या मागच्या गल्लीतलं, एका आजींचं. उस्ताद ओसरीवर उभे राहिले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "भाभी, मागच्या साली मी आलो होतो. माफी मागितली होती."

"हाव की. नळाची."

"ती परत पाहिजे."

आजींनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं. सगळं. एव्हाना मला त्याची सवय होऊ लागली होती.

"म्हणजे चूक ह्याची, अन् माफी तुम्ही मागितली?" आजी म्हणाल्या. "अन् मी बी दिली! अन् वर तुम्हाला म्हणलं, वय झालं तुमचं, म्हणून!"

"बोले थे आप," उस्ताद म्हणाले.

"मग आता परत कशी देतात ती?"

"जैसी ली, वैसी."

आजी उठल्या. पदर सावरला. दोन्ही हात पुढे करून, जणू त्यात खरंच काही आहे, म्हणाल्या, "घ्या उस्ताद. तुमचं काम बरोबर होतं. माफी तुमची तुम्हाला."

"मिली," उस्ताद म्हणाले, आणि पायरी उतरले. नळ सरळ करून देऊ का म्हणून मी विचारलं, तर आजी म्हणाल्या, "नको बाबा, नातसून आताच शिकलीय. तुझं मी मग बघते."

असेच आम्ही फिरलो. एका आठवड्यात दहा घरं. पाच जणांनी नळ फिरवून घेतले, ते मी माझ्या हाताने केले आणि उस्ताद मोरीत बादली उलटी टाकून तिच्यावर बसून बघत राहिले. बाकीचे म्हणाले, राहू द्या. पण माफी मात्र उस्तादांनी प्रत्येकाकडून वसूल केली. एका डॉक्टरांना आठवतच नव्हतं. "तुम्ही कधी मागितली होती हो?" उस्ताद चिडले. "मांगा था! इथं खडा था मी, तुम्ही चहा पीत होता! मला बिठाया बी नाही!" डॉक्टर गडबडून म्हणाले, "बरं बरं, मग परत घ्या." उस्ताद म्हणाले, "ऐसे नहीं. याद करके द्या." डॉक्टरांनी डोळे मिटून आठवलं. खरंच आठवलं, की पेशंट खोळंबले होते म्हणून तसं केलं, ते मला सांगता येणार नाही.

लातूरच्या सरांकडे मी एकटा गेलो. ते माझ्यावर रागावले नाहीत, हे जास्त कठीण गेलं. होकायंत्र पुढे ठेवून म्हणाले, "तुमचा हेतू चूक असेल, पण उत्तर बरोबर आलं होतं. मी त्याला पूर्ण मार्क दिले असते." त्यांचे नळ अजून तसेच आहेत.

अकरावं घर बिलोलीचं. तिथे एक पोस्टातून निवृत्त झालेले गृहस्थ राहत, उस्तादांचे जुने मित्र. दार मुलाने उघडलं. वडील गेल्या पावसाळ्यात वारले होते. उस्तादांना कुणी कळवलेलं नव्हतं. ते चपला न काढता तसेच उभे राहिले.

मुलाने आत बसवलं. मी बोलायला सुरुवात केली, तर उस्तादांनी हाताने थांबवलं. मग त्यांनी विचारलं, "अब्बा कधी नळाचं काही बोलले होते?"

"बोलले होते ना," मुलगा म्हणाला. "म्हणायचे, उस्ताद कधी चुकले नव्हते, पण शेवटी तेही चुकले. माणूसच आहे."

उस्ताद न्हाणीघरात जाऊन आले. नळाला हात लावला नाही. मुलाकडे माफी परत मागितली नाही, आणि मीही त्याला काही सांगितलं नाही, कारण ते सांगू देत नव्हते.

परतीला ते माझ्या गाडीवर मागे बसले होते. नायगावच्या पुढे रस्त्याचं काम चाललेलं, गाडी हळू घ्यावी लागली, तेव्हा ते माझ्या कानाशी बोलले.

"त्यांच्या घरी तू कधी गेला होतास का?"

"न्हाई उस्ताद."

"माफी मागितलीस?"

"न्हाई."

खडी संपली.

"मग तिथं मी मागितली ती माफी तुझी होती," ते म्हणाले. "दहा मेरी थीं, ती परत मिळाली. ती एक तुझी राहू दे."